भिंतीपाशी न विचारलेला प्रश्न

रॉबर्ट फ्रॉस्ट यांची ‘मेंडिंग वॉल’ ही कविता १९१४ च्या ‘नॉर्थ ऑफ बोस्टन’ या संग्रहातली. हिवाळ्यात ढासळलेली हद्दीची दगडी भिंत दोन शेजारी वसंतात मिळून रचतात. वडिलांची म्हण घोकणारा शेजारी वाचकाला सहसा हट्टी वाटतो. परंतु दुरुस्तीचा निरोप धाडतो तो स्वतः निवेदकच! आपली सफरचंदाची झाडे शेजाऱ्याच्या पाइनची फळे खायला जाणार नाहीत, ही थट्टा तो उघड करतो. मात्र भिंतीने आपण कोणाला आत कोंडतो नि कोणाला बाहेर ठेवतो, हा खरा प्रश्न मनातच ठेवतो. कवितेचे मर्म या मौनात आहे. बांधावरची भांडणेही बहुधा अशीच चिघळतात : टोमणे बोलले जातात, प्रश्न राहून जातो.