बोलपटांचे पाठभेद
कौंडण्यपूरच्या रुक्मिणीची कथा गाणाऱ्या नरेंद्राच्या 'रुक्मिणीस्वयंवरा'चा अभ्यासक एकाच पोथीवर विसंबत नाही. डीव्हीडी तबकड्या जमविणारा बोलपटसंग्राहक मात्र पुष्कळदा एकाच प्रतीवर समाधान मानतो. 'प्रभात'च्या द्विभाषिक बोलपटांबाबत हे समाधान फसवे होय. शांताराम यांच्या १९४१ च्या 'शेजारी' व 'पडोसी' यांचे कथानक एकच. मिर्झाची भूमिकाही दोहोंत गजानन जागीरदारांचीच. परंतु त्याचा हिंदू शेजारी मराठीत केशवराव दाते, तर हिंदीत मझहर खान उभा करतात. नट बदलला की उच्चार, विराम व संवादाची लय बदलते. म्हणजेच भाषाभ्यासकाच्या दृष्टीने पाठच बदलतो. सबब हिंदी तबकडी मराठीची प्रतिनिधी मानता येत नाही. दोन्ही ताडून, प्रत्येक प्रतीची लांबी व गळालेली दृश्ये नोंदवूनच विधान करावे.