प्रयाणाचा दिवस

मराठींत परदेशप्रवासाचीं वर्णनें थोडीं नाहींत. परंतु घर सोडण्याचा जो एक दिवस, त्याची बोळवण आमचे लेखक बहुधा घाईनें करितात, अशी आमची तक्रार आहे. पंडिता रमाबाई १८८३ सालीं दोन वर्षांच्या मनोरमेस घेऊन विलायतेस गेल्या. ‘इंग्लंडचा प्रवास’ हें त्यांचें पत्र त्याच वर्षीं छापून निघालें. आपण कां निघालों याचें उत्तर त्यांत आहे, आणि तें देणाऱ्या बाईंचा कणखरपणाही. १९६० चें ‘अपूर्वाई’ घ्या. पु. ल. देशपांडे लंडनला गेले ते नोकरीच्या निमित्तानें, बी. बी. सी. कडे शिक्षणासाठीं, पण तेथें निघण्याची धांदल विनोदाच्या स्वाधीन होते. हंसण्यांत आम्हीही मागें राहिलों नाहीं. तरी दोहोंत आम्ही रमाबाईंचें पत्र वर ठेवितों. जाण्याची किंमत त्यांत दिसते.

आम्ही गोंदियाचे. येथून आखातांत कामाला जाणारा तरुण विमान पाहण्यापूर्वीं विदर्भ एक्सप्रेसमध्यें एक रात्र काढतो. मुंबई हजार किलोमीटरांच्या जवळपास. दर स्टेशनाला पासपोर्टचा खिसा चाचपावयाचा, वजनापायीं आईनें भरलेला लोणच्याचा डबा विमानतळावर काढून ठेवावयाचा! आमच्या एका विद्यार्थ्यास पोंचविण्यास आम्ही फलाटावर गेलों होतों. गाडी सुटेपर्यंत त्याचे वडील केवळ बॅगेच्या कुलुपाच्या किल्लीविषयीं बोलत होते. तीन वर्षांच्या कराराविषयीं एक अक्षर नाहीं. तें किल्लीचें बोलणें मराठी प्रवासवर्णनांत आम्हांस अद्याप आढळलें नाहीं.