‘सर्वानुमते मंजूर’ : ग्रामसभेचे इतिवृत्त कसे वाचावे?

कथा-कादंबऱ्यांची समीक्षा आपल्याकडे भरपूर होते. ज्या मजकुरावर गावाची जमीन, जंगल आणि पाणी ठरते, त्याची समीक्षा मात्र कोणी करत नाही. ग्रामसभेचे इतिवृत्त, म्हणजे ग्रामपंचायत कार्यालयात ज्याला सगळे ‘प्रोसिडिंग’ म्हणतात ती नोंदवही, हा असा मजकूर आहे. गेली काही वर्षे मी शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतली अशी इतिवृत्ते वाचतो आहे. कोणत्याही विद्यापीठाशी माझा संबंध नाही. माहितीच्या अधिकारात पानाला दोन रुपये भरून नकला घ्यायच्या, नाहीतर कार्यालयात बसून पाने चाळायची, असे करत दप्तर वाचायला मी दप्तरातच शिकलो. या वाचनातून माझ्या हाती आलेले मुख्य निरीक्षण एका शब्दाबद्दल आहे : ‘सर्वानुमते’.

एक ठरीव साचा

इतिवृत्ताची रचना जवळपास सगळीकडे सारखी असते. सभा सरपंचांच्या अध्यक्षतेखाली सुरू होते. पहिला विषय मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. मग जमाखर्च, शासनाची परिपत्रके, घरकुलाच्या याद्या, आणि शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय’. प्रत्येक ठरावाखाली एक सूचक, एक अनुमोदक आणि तेच वाक्य : ठराव सर्वानुमते मंजूर. पथदिव्याचा बल्ब बदलण्याचा ठराव आणि शेकडो एकर जमिनीचा ठराव या साच्यात एकाच मापाचे होतात.

या नोंदीत काय नाही, ते पाहिले की तिचे स्वरूप कळते. कोण काय बोलले, हे नाही. कोणत्या पाड्यावरून किती माणसे आली, हे नाही. विरोधात हात वर झाला का, झाला तर कोणाचा, हे नाही. हजेरीच्या सह्या आणि अंगठे वेगळ्या पानांवर असतात, बहुतेकदा सभेला येतानाच घेतलेले. सही आधी आणि ठराव नंतर, असा हा क्रम आहे. आपल्या अंगठ्याच्या पुढे काय लिहिले गेले, हे अंगठा देणाऱ्याला सभेच्या दिवशी कळण्याचा मार्ग नसतो. पुढच्या सभेत ते ‘वाचून कायम’ होते असे कागद म्हणतो. मी ज्या सभांना बसलो, तिथे हे वाचन दोन मिनिटांत संपलेले पाहिले आहे.

याचा दोष एकट्या ग्रामसेवकावर टाकणे अन्यायाचे होईल. एका माणसाकडे अनेकदा दोन-दोन पंचायतींचा कारभार असतो. ठरलेल्या ग्रामसभा न घेणाऱ्या सरपंचाच्या डोक्यावर अपात्रतेची टांगती तलवार असते. म्हणजे सभा झाल्याचा कागद तयार होणे ही सगळ्यांचीच गरज. गावालाही भांडणाची नोंद नकोच असते. ‘सर्वानुमते’ हा शब्द सर्वांच्या सोयीचा आहे, म्हणूनच तो इतका टिकला.

यादीतली माणसे आणि सभेतली माणसे

ग्रामपंचायतीची मतदारयादी विधानसभेच्या यादीवरून तयार होते, आणि यादीत नाव असलेली प्रत्येक व्यक्ती ग्रामसभेची सदस्य असते. मात्र सर्वसाधारण ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. तेवढीही माणसे जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. पाड्यापाड्यांत विखुरलेल्या मोठ्या पंचायतीत कार्यालयाजवळची आळी जमली तरी कायद्याचे समाधान होते.

आता तारखा पाहा. ग्रामसभा घेण्याचे रुळलेले दिवस म्हणजे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. शहापूर-मुरबाडचे कातकरी दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. चारपैकी दोन सभा, जानेवारीची आणि मेची, त्यांचे पाडे ओस असताना होतात. वर्षाचा आराखडा, लाभार्थ्यांची यादी, रस्ता कुठून जावा हा निर्णय त्यांच्या गैरहजेरीत होतो, आणि नोंदीत मात्र ‘सर्व’ या शब्दात तेही येतात. निवडणुकीत भट्टीवरचा मतदार गैरहजर राहिला तर मतदानाच्या टक्केवारीत तो गैरहजर म्हणून तरी दिसतो. ग्रामसभेच्या इतिवृत्तात त्याची गैरहजेरीसुद्धा नोंदली जात नाही.

कायद्याला मोजता येते

गावात मोजून निर्णय घेणे शक्य नाही, असे कोणी म्हणेल. कायदा तसे म्हणत नाही. थेट निवडून आलेल्या सरपंचावरचा अविश्वास ठराव सदस्यांनी मंजूर केला, तरी तो विशेष ग्रामसभेत गुप्त मतदानाने कायम व्हावा लागतो. दारूचे दुकान बंद करायचे तर उभी बाटली-आडवी बाटली असे मतदान होते, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. खुर्ची आणि बाटली यांसाठी आपण एकेक मत मोजतो. जंगलाच्या ठरावाला मात्र एक शब्द पुरतो.

खरे तर जंगलासाठीही मोजणी सांगितलेली आहे. वनहक्क कायदा २००६चा. त्याच्या नियमांत २०१२ साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार ग्रामसभेला किमान निम्मे सदस्य हवेत, हजर असलेल्यांत किमान एकतृतीयांश स्त्रिया हव्यात, आणि वनहक्काच्या दाव्यांचे ठराव उपस्थित राहून मत देणाऱ्यांच्या साध्या बहुमताने करायचे आहेत. बहुमत म्हणजे बाजूने किती आणि विरोधात किती, हे लिहिणे आलेच. त्यासाठी नवा कायदा नको, फक्त वहीत दोन आकडे हवेत.

हे आकडे नसले की काय होते? मुरबाडचे काळू धरण आठवा. मुंबई महानगर प्रदेशाच्या पाण्यासाठी आखलेल्या या धरणाला सुमारे १००० हेक्टर वनजमीन लागणार होती. वनविषयक मंजुरी नसताना २०११ मध्ये काम सुरू झाले. श्रमिक मुक्ती संघटनेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०१२ मध्ये ते थांबवले. केंद्राच्या वन सल्लागार समितीने एप्रिल २०१२ मध्ये प्रस्ताव नाकारला आणि वर्षभराने आपले मत बदलले. या काळात बाधित गावांकडे स्वतःचे म्हणून जे कागद होते, त्यांत ग्रामसभांचे विरोधाचे ठराव हे सर्वांत वजनदार. अशा ठरावाची ताकद त्यातल्या तपशिलात असते. उद्या त्याच गावाचा उलट अर्थाचा ठराव कोणी पुढे केला आणि त्याखालीही ‘सर्वानुमते मंजूर’ असेच लिहिलेले असले, तर दिल्लीत बसलेल्या समितीने कोणता खरा मानावा? साचा एकच असला की खऱ्या ठरावाला खोट्यापासून वेगळे ठरवणारी खूण उरत नाही.

ओडिशातल्या नियमगिरीचे उदाहरण इथे उपयोगी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १८ एप्रिल २०१३च्या निकालानंतर तिथे १२ ग्रामसभा झाल्या, प्रत्येकीत जिल्हा न्यायाधीश दर्जाचे निरीक्षक बसले, आणि बाराही ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला. तिथेही निर्णय एकमुखीच होता. पण तो नजरेसमोर, माणसांच्या बोलण्यातून झालेला होता, म्हणून तो टिकला.

एकमत आणि ‘सर्वानुमते’

एकमताने चालणे ही गावाची परंपरा आहे, मतमोजणीने गाव फुटते, हा आक्षेप गंभीर आहे. गडचिरोलीतले मेंढा (लेखा) हे गाव सर्वसहमतीनेच निर्णय घेते. पण तिथे सर्वांचे पटेपर्यंत विषय पुढे ढकलला जातो, आधी अभ्यासगटात चर्चा होते. त्या एकमतामागे वेळ खर्च झालेला असतो. आपल्या वहीतले ‘सर्वानुमते’ हे लेखनाची सवय आहे. एकमताचा देखावा किती महाग पडतो, हे जानेवारी २०२१ मध्ये दिसले. नाशिक जिल्ह्यातले उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातले खोंडामळी इथे सरपंचपदाचा लिलाव झाल्याचे उघड झाल्यावर राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही ग्रामपंचायतींच्या निवडणुका रद्द केल्या. लिलावालाही गावाची ‘संमती’ असल्याचेच सांगितले जात होते.

शहापूर तालुका १९८५च्या आदेशानुसार संपूर्ण अनुसूचित क्षेत्रात आहे, मुरबाडचा काही भागच. जिथे पेसा लागू आहे, तिथे पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून घोषित होण्याची आणि आपली ग्रामसभा भरवण्याची वाट २०१४च्या नियमांनी खुली केली आहे. ही मोठी गोष्ट आहे. पण पाड्याच्या नव्या वहीतही जुनाच साचा उतरवला गेला, तर फक्त वह्यांची संख्या वाढेल.

म्हणून माझ्या सूचना साध्या आहेत. हजेरी पाड्यानुसार आणि स्त्री-पुरुष वेगळी लिहावी. ठरावाखाली बाजूने, विरोधात आणि तटस्थ असे तीन आकडे असावेत. विरोध करणाऱ्याचे म्हणणे त्याच्या शब्दांत एका ओळीत तरी यावे. ठराव सभेतच मोठ्याने वाचून मग त्याखाली सह्या घ्याव्यात. जमीन आणि जंगलाचे विषय भट्टीवरची माणसे घरी असतानाच घ्यावेत. यातली प्रत्येक गोष्ट येत्या ग्रामसभेपासून करता येईल, आणि ती मागण्याचा अधिकार यादीत नाव असलेल्या प्रत्येकाला आहे. सभेत उभे राहून एवढेच म्हणायचे : ‘सर्वानुमते’ लिहू नका, माझा विरोध आहे, तो लिहा. ते वाक्य वहीत उतरेपर्यंत मात्र खाली बसायचे नाही.