सालोमालोची चूक

पु. ल. देशपांडे यांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने 2019 साली महेश मांजरेकर यांचा ‘भाई : व्यक्ती की वल्ली’ हा चित्रपट दोन भागांत प्रदर्शित झाला आणि मराठी चरित्रपटाने, म्हणजे खऱ्या व्यक्तीच्या आयुष्यावर बेतलेल्या कथापटाने, लेखकाला हाताळताना किती थोडक्यात समाधान मानले आहे, हे त्यातून लख्ख दिसले. सागर देशमुख यांनी पुलंच्या बोलण्याची ढब मन लावून आत्मसात केली आहे, थोरामोठ्यांची ये-जा अखंड चालू आहे, गाण्याच्या मैफली रंगल्या आहेत. पण एका वाक्याशी झटणारा, लिहिलेले खोडणारा, शब्द सापडेपर्यंत अस्वस्थ असलेला माणूस या दोन भागांत भेटलाच तर निसटता भेटतो.

हा दोष तपशिलाचा नसून समजुतीचा आहे. ‘गणगोत’मधील बेळगावचे रावसाहेब चित्रपटात हृषिकेश जोशी यांच्या रूपाने अवतरतात आणि प्रेक्षक त्यांना ओळखून हसतो, परंतु त्यातून असा समज रुजतो की अशी माणसे पुलंना तयार स्थितीत भेटली आणि त्यांनी ती कागदावर उतरवून घेतली. वस्तुतः कानडी वळणाचे, व्याकरणातल्या लिंगभेदाची फारशी पर्वा न करणारे, शिव्यांनी मढलेले आणि तरीही आत ओल असलेले रावसाहेबांचे मराठी छापील पानावर उभे करणे ही कानाची आणि हाताची कसबी कारागिरी आहे. माणूस भेटणे आणि व्यक्तिचित्र घडणे यांच्यामधले अंतर हेच लेखन होय, आणि ‘भाई’ नेमके तेच अंतर गाळून टाकतो. पुलंच्या पत्नी सुनीताबाईंची व्यक्तिरेखा इरावती हर्षे यांनी समर्थपणे उभी केली असली, तरी ‘आहे मनोहर तरी’च्या लेखिकेला प्रामुख्याने पुलंची गृहिणी आणि शिस्त लावणारी सोबतीण म्हणूनच जागा मिळावी, ही त्याच समजुतीची दुसरी बाजू आहे.

या पार्श्वभूमीवर प्रभातच्या ‘संत तुकाराम’कडे (1936) पुन्हा वळावे लागते, कारण दामले-फत्तेलाल यांना आणि पटकथाकार शिवराम वाशीकर यांना जे उमगले होते ते आजच्या दिग्दर्शकांना उमगलेले दिसत नाही. त्या चित्रपटाचा संघर्षच मुळी कवितेच्या मालकीचा आहे. सालोमालो तुकारामाचे अभंग स्वतःचे म्हणून मिरवतो. नाममुद्रा, म्हणजे अभंगाच्या शेवटी गुंफलेले कवीचे नाव, त्याला बदलता येते, शब्द जसेच्या तसे म्हणता येतात, आणि तरीही त्याच्या तोंडी ते पोकळ ठरतात. विष्णुपंत पागनीस यांच्या गळ्यातून तोच शब्द येतो तेव्हा त्यात चालणे, श्रम आणि श्वास मिसळलेला असतो, आणि गौरी यांनी साकारलेली तुकारामाची पत्नी जिजाई त्याच वेळी संसाराचा जाब विचारत असते, त्यामुळे अभंग घरातल्या भांडणातून आणि शेतातल्या कामातून वर येताना दिसतो. शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी रचलेले ‘आधी बीज एकले’ हे पद अनेकांनी तुकारामाचेच मानले, ही गोष्ट पुष्कळ सांगून जाते: निर्मितीची प्रक्रिया इतक्या आतून समजलेली होती की केशवराव भोळे यांच्या संगीतासह ती नव्याने घडवता आली. मुळशीतील माणपासून देहूपर्यंतच्या गावांत हरिनाम सप्ताहात कीर्तन ऐकत वाढलेल्या श्रोत्याला अभंग आधी कानाने ठाऊक असतो, डोळ्याने नंतर. प्रभातने या श्रोत्यावर विश्वास ठेवला. चंद्रकांत कुलकर्णी यांच्या ‘तुकाराम’ने (2012) दुष्काळ आणि घरातले मृत्यू प्रामाणिकपणे मांडले, जितेंद्र जोशी यांनी जीव ओतला, मात्र दुःख हे कवितेचे कारण म्हणून पुढे केले की कविता केवळ परिणाम होऊन बसते, कृती राहत नाही.

व्ही. शांताराम यांच्या ‘अमर भूपाळी’तही (1951) हीच जाण आहे, कारण तेथे शाहीर होनाजी रचतो आणि बाळा गातो, म्हणजे रचना ही दोघांमधली घटना ठरते. रणदीप हुडा यांचा सावरकरपट या चर्चेत धरण्याचे कारण नाही. त्यात कवी नाही. याउलट अरुण खोपकर यांच्या ‘नारायण गंगाराम सुर्वे’ या लघुपटात किशोर कदम, जे स्वतः ‘सौमित्र’ या नावाने कविता लिहितात, सुर्व्यांची भूमिका करतात, आणि गिरणगावातील रस्ते, चाळी व कवीची ओळ यांचे नाते शोधले जाते. जिम जारमुश यांच्या ‘पॅटर्सन’मध्ये (2016) बसचालकाच्या कवितेची ओळ त्याच्या हस्ताक्षरात पडद्यावर उमटत जाते, तेव्हाही हाच शोध चालू असतो.

लेखन डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ते दाखवता येत नाही, ही सबब म्हणूनच मान्य करता येणार नाही. धावपटूचे स्नायू दाखवणाऱ्या, गायकाचा रियाज दाखवणाऱ्या माध्यमाला वाक्याचा रियाज अशक्य असण्याचे कारण नाही. अशक्य वाटते ते निर्मात्याला, कारण त्याला लेखकाची कीर्ती हवी असते आणि त्याचे काम नको असते. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी 1933 मध्ये पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहून काढले. त्या पाच दिवसांतच एक पूर्ण चित्रपट आहे, आणि त्यासाठी बालपणाच्या सगळ्या कथा पुन्हा सांगाव्या लागत नाहीत. निरक्षर बहिणाबाई चौधरींच्या ओव्या जात्यावर आणि शेतात जुळल्या, मुलगा सोपानदेव याने व घरच्यांनी त्या टिपून घेतल्या, आणि 1952 साली आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने त्या पुस्तकरूपाने आल्या. आईच्या तोंडची खानदेशी बोली कागदावर उतरवताना कोणता उच्चार कसा लिहावा याचा निर्णय त्या टिपणाऱ्या हाताला दर ओळीला घ्यावा लागला असणार. जात्याची घरघर, बाईचा आवाज आणि त्यामागून धावणारी पेन्सिल: पुढच्या दिग्दर्शकाने कॅमेरा येथे लावावा, सत्काराच्या व्यासपीठावर नव्हे.