चित्र मोठे झाले, माप तेवढेच राहिले

रॉबर्ट हूकने १६६५ साली ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथात पिसवेचे चित्र छापले. घडी उलगडून पाहावे लागणारे हे चित्र सुमारे दीड फूट लांब आहे. तेच आज एखाद्या पुस्तकात चार बोटे जागेत बसवलेले दिसते, तर भित्तिपत्रकावर हातभर. मूळ पिसू जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची. मग चित्र ‘किती पट’ मोठे? छपाईच्या आकाराप्रमाणे उत्तर बदलते, आणि नेमका याचाच विसर विज्ञानातील चित्रे वापरणाऱ्यांना पडतो.

भित्तिपत्रकांत, प्रकल्पवह्यांत, एवढेच काय, शोधनिबंधांतही चित्राखाली ‘४०० पट’ असे लिहिलेले आढळते. गालाच्या आतील पेशी सुमारे ६० मायक्रोमीटर रुंद असते. ती पानावर ६ सेंटिमीटर छापली, की झाली १,००० पट. पोस्टरवर ६० सेंटिमीटर केली, की १०,००० पट. ‘४००’ हा आकडा सूक्ष्मदर्शकाचा. चित्राशी त्याचा संबंध कधीच तुटलेला असतो. याउलट चित्रातच २० मायक्रोमीटरची मोजपट्टी आखली, तर चित्राबरोबर तीही वाढते आणि आटते. नकाशावर रेषाप्रमाण देतात, ते याचसाठी.

दुसरा दोष ताणण्याचा. पडद्यावरची रिकामी जागा भरण्यासाठी चित्र नुसते आडवे ओढले जाते. रुंदी एक तृतीयांशाने वाढवली आणि उंची तशीच ठेवली, तर आडव्या रेषेशी ४५ अंशांचा कोन करणारा किरण सुमारे ३७ अंशांवर येतो, गोल भिंग लंबगोल होते. विद्यार्थ्याने कोनमापक लावून पाहिला, तर चूक कोणाची ठरणार?

तिसरा दोष असा, की आकार वाढवल्याने तपशील वाढतो असे गृहीत धरले जाते. ६०० पिक्सेल रुंदीचे चित्र इंचाला ३०० पिक्सेल या छपाईच्या नेहमीच्या प्रमाणाने ५ सेंटिमीटरच भरते. तेच ६० सेंटिमीटर केले, तर इंचाला २५ पिक्सेल उरतात. मधल्या जागा संगणक अंदाजाने भरतो. या अंदाजाला निरीक्षण कसे म्हणावे?

प्रदर्शनात पोस्टरच्या रंगसंगतीला गुण देण्यापूर्वी शिक्षकांनी एवढेच विचारावे: यातली वस्तू प्रत्यक्षात केवढी? चित्रावर पट्टी ठेवून उत्तर देता आले, तरच ते चित्र पुरावा म्हणून स्वीकारावे.