नखांची मुदत ठेव

मी कॉमर्सचा पदवीधर. कलेच्या प्रांतात आजवर कुणी माझं मत विचारलेलं नाही, आणि न विचारता दिलं तेव्हा कुणी ऐकलेलं नाही. तरीही आज समीक्षकाच्या खुर्चीत बसतो आहे. कारण एक कलाकृती मी अगदी पहिल्या बोटापासून दहाव्या बोटापर्यंत, स्टुलावर बसून, मध्यंतराशिवाय पाहिली आहे. कलाकृतीचं नाव जेल मॅनिक्युअर. स्थळ डोंबिवलीतलं एक ब्युटी पार्लर. तिकीट बाराशे रुपये. वार महिन्यातला दुसरा शनिवार, म्हणजे बँकेला सुट्टी असते आणि मला नसते तो.

सुरुवात घरातच झाली. ही फोनवर मैत्रिणीला म्हणाली, "हो गं, शनिवारी जेल करून घेते आहे. दोन आठवडे!" आमच्या मातोश्रींनी हातातली जपमाळ खाली ठेवली आणि माझ्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं की, जणू बँकेत अफरातफर मी केली आणि शिक्षा मात्र सून भोगायला निघाली.

पार्लरच्या काचेवर पाटी होती : 'बिझी मदर्ससाठी खास! दोन आठवडे टिकणारी नखं!' आता नखं काय, माझीही जन्मापासून टिकून आहेत. पण टिकायचा होता तो रंग.

समीक्षकानं आधी गुण सांगावेत म्हणतात, तर सांगतो. साधं नेलपॉलिश वाळतं, म्हणजे त्यातलं पातळ द्रावण हवेत उडून जातं. वरून सुकल्यासारखं दिसतं, आतून बराच वेळ ओलं असतं. तेवढ्यात दूध उतू जातं, गॅस बंद करायला हात पुढे होतो आणि अंगठ्यावर कायमची सुरकुती पडते. आमच्या हिच्या अंगठ्याचा असा एकही सण गेलेला नाही. जेल वाळत नाही, ते जमतं. अ‍ॅक्रिलेट जातीची रसायनं अतिनील किरणांच्या छोट्या दिव्याखाली एकमेकांचे हात धरून साखळी करतात आणि मिनिटाभरात घट्ट होतात. खाली एक थर, रंगाचे दोन, वर चकाकीचा एक. दर थराला हात दिव्यात. 2010 साली अमेरिकेत 'शेलॅक' या नावानं नेलपॉलिशसारखं ब्रशनं लावायचं जेल आलं आणि हा प्रकार घरोघरच्या बोटांवर पोचला. शेवटचा थर जमला की काम संपलं. त्याच हातानं पर्समध्ये किल्ली शोधा. या एका गुणाबद्दल माझ्याकडून पैकीच्या पैकी.

आता त्या पन्नास मिनिटांबद्दल. हिचा एक हात दिव्यात, दुसरा त्या मुलीच्या ताब्यात. साहजिकच हिचा फोन माझ्या ताब्यात.

पहिला फोन चिरंजीवांचा. "आई, माझी पांढरी पँट कुठाय?" मी म्हटलं, "कपाटात बघ." ही डोळे न उघडता म्हणाली, "निळ्या बास्केटमध्ये, खालून तिसरी." दुसरा मातोश्रींचा, बीपीची गोळी घेतली की नाही ते आठवत नाही. मी म्हटलं, "मग घेऊन टाक." ही दिव्यातून हात काढून ओरडली, "अहो, थांबा! पाकिटावर वार लिहिलेत, शनिवारची आहे का बघायला सांगा." मग गॅस सिलिंडरवाला कोड मागत होता, तो मी आणखी कुठला तरी मेसेज उघडून भलताच सांगितला. मग शाळेच्या ग्रुपवर सोमवारी पाच प्रकारची पानं आणायची सूचना. मग हिच्या ऑफिसातून एक फाइल. मग पुन्हा चिरंजीव : पँट सापडली, आता मोजे.

एकूण अकरा. पन्नास मिनिटांत माझ्या काउंटरवर अकरा माणसं आली तर मी युनियनकडे जातो. त्याच वेळात माझ्या स्वतःच्या फोनवर एकच फोन आला, पर्सनल लोन हवं का म्हणून. तोही आमच्याच बँकेचा.

म्हणून त्या पाटीवर माझा आक्षेप आहे. कामात बुडालेल्या बाईला तिथं मिळतं काय? तिची कामं कमी होत नाहीत. कामांतून नेलपॉलिश तेवढं वजा होतं. बाकीचं लेजर तसंच, शिवाय सगळं तोंडपाठ. मी मात्र इतकी वर्षं ते घर आपोआप चालतं असं धरून होतो, चहा आपोआप येतो तसं.

टिकाऊपणाचं म्हणाल तर रंग इमानी निघाला. कणीक, नारळाची खवणी, भांडी, लसूण, सगळ्याला पुरून उरला. पण नखाला कुणी थांबवायचं? बोटाचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं. म्हणजे चौदा दिवसांत रंग जागच्या जागी आणि मागून दीड मिलिमीटरची उघडी चंद्रकोर हजर. पाटीवर चंद्रकोरीचा उल्लेख नव्हता.

पाटीवर आणखीही काही नव्हतं. ही मुदत ठेव आहे आणि मुदतीआधी मोडली तर दंड बसतो! नवव्या दिवशी डब्याचं झाकण उघडताना उजव्या तर्जनीचा कोपरा सुटला. सुटलेला कोपरा माणसाला स्वस्थ बसू देत नाही. गणिताच्या बाईंशी फोनवर बोलता बोलता हिनं तो सोलला, आणि रंगाबरोबर नखाचा पापुद्राही आला. व्याज तर गेलंच, मुद्दलही खरवडलं गेलं. रीतसर काढायचं तर अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेला कापूस नखावर ठेवून, वर पोळ्या गुंडाळायची फॉइल बांधून दहा-पंधरा मिनिटं बसायचं. पार्लरमध्ये त्याचे पैसे वेगळे.

मग मी वाचायला बसलो, अर्थात पैसे भरून झाल्यावर. न जमलेलं जेल कातडीला लागत राहिलं तर अ‍ॅलर्जी होऊ शकते, असा इशारा ब्रिटनच्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 2018 सालीच दिला होता, विशेषतः घरी स्वतः लावणाऱ्यांना. ती एकदा जडली की पुढे दाताच्या डॉक्टरकडचं सिमेंटही छळू शकतं. दिव्याखाली हात घालण्याआधी सनस्क्रीन लावा किंवा बोटं उघडी ठेवणारे हातमोजे घाला, असं अमेरिकेतले डॉक्टर सांगतात. जेल जमवणारं टीपीओ नावाचं एक रसायन तर युरोपीय संघानं 1 सप्टेंबर 2025 पासून सौंदर्यप्रसाधनांतून बादच केलं. आमच्या बाटलीत ते होतं का, हे बाटलीवरच्या मुंगीएवढ्या अक्षरांतून मला वाचता आलं नाही.

चौथ्या शनिवारी मुदत संपली. मी सगळी तयारी करून ठेवली होती. अ‍ॅसिटोनची बाटली, कापूस, फॉइलचे दहा तुकडे, एकसारखे, पट्टीनं मोजून. म्हटलं, "अगं, घरीच काढू. पैसे वाचतील."

"घरी?" ही पर्स शोधत म्हणाली. "घरी पंधरा मिनिटं हात बांधून कोण बसू देणार आहे मला?"

आणि तिनं तिचा फोन माझ्या हातात दिला. मी तो घेतला. यावेळी वही आणि पेनही घेतलं.