वाचणाऱ्याचे अक्षर

सातारा-सांगलीच्या मुलखात समर्थ रामदासांचे नाव निघाले की सज्जनगड, चाफळ आणि शिराळ्याचा मारुती आठवतो. ‘दासबोधा’च्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास, ‘लेखनक्रियानिरूपण’, मात्र क्वचितच आठवला जातो. हस्ताक्षरावरील तो एक छोटेखानी शास्त्रग्रंथच होय.

अक्षर वाटोळे, मोकळे, काळेभोर असावे आणि पहिले वळण अखेरपर्यंत टिकावे, एवढे कोणीही पंतोजी सांगेल. समर्थ त्यापुढे जातात. तरुणपणी लिहिलेले बारीक अक्षर म्हातारपणी वाचवत नाही. म्हणून ते मध्यम असावे. पानाभोवती जागा सोडावी. कडा झडल्या तरी अक्षर वाचेल. सौंदर्याचे माप येथे लिहिणाऱ्याच्या हातात नसून वाचणाऱ्याच्या डोळ्यांत आहे. हाच या समासाचा खरा मोठेपणा.

जपानचे उदाहरण ताडून पाहावे. तेथील अभिजात कवितांच्या जुन्या पोथ्यांत कुंचल्याची अक्षरे एकमेकांत ओवलेली असत. पुढे रसिकांनी त्यांची पाने कापून चहापानाच्या दालनांत टांगली. अक्षर पूजले गेले, ग्रंथ विस्कटला. त्याच देशातील फुजिवारा नो तेइका (११६२–१२४१) या कवीचे वळण सुबक नव्हते. परंतु त्याने निष्ठेने केलेल्या नकलांमुळे कितीतरी जुने वाङ्मय पुढील पिढ्यांच्या हाती आले. समर्थांना हा नकलकार आवडला असता, असे आम्हांस वाटते.

समासात एक उणीव आहे. सुंदर अक्षराचे कर्तव्य समर्थ ब्राह्मणावर सोपवतात. ती त्या काळाची मर्यादा. अक्षर सर्वांचेच आहे. आपल्या फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यात १६१६, १६४९ व १६५४ साली रोमन लिपीत छापले गेले. त्या मुद्रणांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ते तगले भाविकांनी हाताने उतरवलेल्या नकलांमुळे.

हा समास वाचून आम्ही स्वतःच थोडे ओशाळलो. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत घाईने खरडलेले नाव पन्नास वर्षांनी कोणा नातवाला शोधावे लागेल. त्याला ते लागले नाही, तर दोष शाईचा नसेल. वाचणाऱ्याची आठवण न ठेवणाऱ्या हाताचा असेल.